फिल्म न्वार: प्रकाश काय दाखवतो आणि काय राखून ठेवतो

प्रश्न असा विचारला गेला आहे की, फिल्म न्वार, म्हणजे १९४० आणि १९५०च्या दशकांतले गडद सावल्यांचे अमेरिकी चित्रपट, हा गुन्हेपटांचा एक प्रकार मानायचा की ती केवळ चित्रीकरणाची शैली आहे. आणि आज कोणाला त्या धर्तीचा लघुपट करायचा असेल, तर कृष्णधवल चित्र, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, ओला रस्ता आणि टोपी घातलेला नायक एवढ्यावर काम भागेल का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: भागणार नाही. चित्रपटाच्या प्रकाशयोजनेचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि ते शिकवतोही, त्यामुळे माझे उत्तर प्रकाशाच्या बाजूने येणार हे उघड आहे. पण न्वारमध्ये प्रकाशाबद्दल बोलू लागले की कथेबद्दलच बोलावे लागते. नायकाला आणि प्रेक्षकाला किती कळू द्यायचे, ते केव्हा कळू द्यायचे आणि कोणती गोष्ट शेवटपर्यंत हाती लागू द्यायची नाही, हा सगळा हिशेब या चित्रपटांत दिव्यांनी मांडलेला असतो. सावल्या देखण्या दिसतात ते त्या हिशेबाचे फळ आहे, आणि हिशेब न मांडता केवळ सावल्या उचलल्या तर पडद्यावर नुसती सजावट उरते.

प्रकार की शैली, या वादाचे मूळ नावाच्या इतिहासात आहे. हे नाव हॉलिवूडने ठेवलेले नाही. महायुद्धाच्या काळात जर्मन ताब्यातील फ्रान्समध्ये अमेरिकी चित्रपट येत नव्हते. १९४६च्या उन्हाळ्यात 'द माल्टीज फाल्कन' (१९४१), 'लॉरा', 'मर्डर, माय स्वीट' आणि 'डबल इन्डेम्निटी' (तिन्ही १९४४) असे वेगवेगळ्या वर्षांचे चित्रपट पॅरिसच्या प्रेक्षकांना जवळजवळ एकाच वेळी पाहायला मिळाले, आणि अमेरिकेत सुटेसुटे पाहणाऱ्यांच्या लक्षात न आलेले साम्य तिथे ठळकपणे जाणवले. नीनो फ्रँक या समीक्षकाने त्याच वर्षी या चित्रपटांसाठी 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', हा शब्दप्रयोग केला, आणि १९५५मध्ये रेमों बोर्द व एतिएन शोमतों यांनी या विषयावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. तिकडे कॅलिफोर्नियात मात्र हेच चित्रपट थ्रिलर किंवा मेलोड्रामा म्हणून तयार होत आणि विकले जात होते. वेस्टर्न करणाऱ्याला आपण वेस्टर्न करतो आहोत हे ठाऊक असे; न्वार करणाऱ्या पहिल्या पिढीला आपण न्वार करतो आहोत हे ठाऊक नव्हते.

विषयाच्या आधारे व्याख्या करू पाहिली तर ती लगेच निसटते. 'आउट ऑफ द पास्ट'मध्ये (१९४७) खासगी गुप्तहेर आहे, 'डबल इन्डेम्निटी'मध्ये विम्याचा विक्रेता आहे, 'सनसेट बुलेव्हार्ड' (१९५०) आणि 'इन अ लोनली प्लेस' (१९५०) यांत पटकथालेखक आहेत, 'द सेट-अप'मध्ये (१९४९) उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा आहे आणि 'ब्रूट फोर्स' (१९४७) तुरुंगात घडतो. समीक्षक पॉल श्रेडर यांनी १९७२मध्ये लिहिलेल्या निबंधात न्वार हा प्रकार नसून त्याची ओळख सूर आणि भाववृत्ती यांनी ठरते, असे मांडले, आणि ते मला पुष्कळसे पटते. फक्त 'भाववृत्ती' हा शब्द काम करणाऱ्या माणसाला फारसा उपयोगी पडत नाही, कारण भाववृत्तीवर दिवा लावता येत नाही. म्हणून मी हाताला लागेल अशा गोष्टीकडे येतो.

१९३०च्या दशकातल्या स्टुडिओत चेहरा उजळण्याची एक ठरलेली रीत होती. कॅमेऱ्याच्या बाजूला थोडा उंचावर मुख्य दिवा, म्हणजे की लाइट. त्याने पडलेल्या सावल्या सौम्य करण्यासाठी दुसऱ्या बाजूने फिल लाइट. आणि केस व खांदे पार्श्वभूमीपासून सुटे दिसावेत म्हणून मागून बॅक लाइट. या रचनेतला फिल लाइट नीट समजून घ्यावा, कारण न्वारचा सगळा प्रश्न त्याच्याशी आहे. फिल लाइट प्रेक्षकाला एक आश्वासन देतो: या चेहऱ्यावरचे काहीही तुमच्यापासून लपवलेले नाही, दोन्ही डोळे तुम्हाला दिसत आहेत, हा माणूस काय विचार करतो ते तुम्हाला वाचता येईल. न्वारच्या छायालेखकांनी तो दिवा अगदी मंद केला किंवा सरळ विझवला, आणि मुख्य दिवा कॅमेऱ्यापासून दूर नेला: कधी अगदी बाजूला, कधी डोक्यावर, कधी जमिनीलगत. त्याबरोबर आश्वासन मागे घेतले गेले. अर्धा चेहरा दिसतो आणि उरलेल्या अर्ध्यात काय आहे ते पात्राच्या वागण्यावरून ओळखावे लागते. आणि न्वारची पात्रे खोटे बोलतात.

हे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले त्याला कारणे होती. कोडॅकने १९३८मध्ये प्लस-एक्स आणि सुपर-एक्सएक्स या आधीपेक्षा कितीतरी संवेदनशील निगेटिव्ह फिल्म बाजारात आणल्या. त्याच सुमारास भिंगांवर परावर्तनरोधक लेप देण्याची पद्धत आली, त्यामुळे चौकटीत उघडा दिवा असला तरी चित्र धूसर होईनासे झाले. फ्रेनेल भिंगाचे दिवे स्टुडिओत रुळले होते. त्यांचा झोत आवळता येई, आणि पुढे कटर (प्रकाश अडवणारी फळी) किंवा बार्नडोअर (दिव्याच्या तोंडावरच्या झडपा) लावून तो हवा तिथे कापता येई. कमी प्रकाशात भिंगाचे छिद्र लहान ठेवून काम करता येऊ लागले, म्हणून जवळचा चेहरा आणि दूरचा दरवाजा दोन्ही एकाच वेळी स्पष्ट ठेवणे सोपे झाले. न्वारमध्ये माणूस खोलीत अडकल्यासारखा वाटतो त्याचे बरेच श्रेय या स्पष्टतेला आहे. विस्तृत कोनाचे भिंग, खाली ठेवलेला कॅमेरा आणि वर दिसणारे छत एकत्र आले की खोलीच माणसावर चाल करून येते.

इथे जॉन ऑल्टन यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. हंगेरीत १९०१मध्ये जन्मलेल्या या छायालेखकाने दिग्दर्शक अँथनी मान यांच्याबरोबर 'टी-मेन' (१९४७) आणि 'रॉ डील' (१९४८) केले, आणि १९४९मध्ये प्रकाशयोजनेवर 'पेंटिंग विथ लाइट' हे पुस्तक लिहिले, जे आजही आमच्या व्यवसायात वाचले जाते. त्यांचे कौशल्य दिव्यांच्या संख्येत नव्हते, ते दिवे न लावण्यात होते. 'द बिग कॉम्बो'चा (१९५५) शेवट धुक्याने भरलेल्या विमानतळाच्या हँगरमध्ये घडतो. तिथे दूरवरून येणाऱ्या प्रखर प्रकाशाखेरीज जवळजवळ काही नाही. धुके तो प्रकाश पसरवते आणि त्यासमोर स्त्री-पुरुषांच्या दोन काळ्या आकृती उभ्या राहतात. सेट म्हणावा असे तिथे काहीच नाही, आणि तरीही न्वारची आठवण निघाली की बहुतेकांना तीच चौकट आठवते. 'ही वॉक्ड बाय नाइट'मध्ये (१९४८) लॉस एंजेलिसच्या पावसाळी पाण्याच्या भुयारांतला पाठलाग आहे. पोलिसांच्या हातातल्या विजेऱ्याच तिथे दृश्यातला प्रकाश ठरवतात, म्हणजे कोण काय पाहू शकतो हे पात्रांच्याच हातात दिलेले आहे. प्रकाश आणि माहिती यांचा संबंध याहून स्पष्टपणे दाखवणारे दृश्य मला माहीत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा हेच दाखवतो.

न्वारचा प्रकाश जर्मन अभिव्यक्तिवादातून, म्हणजे वेडेवाकडे सेट आणि गडद सावल्यांतून मनोवस्था दाखवणाऱ्या १९२०च्या दशकातल्या शैलीतून आला, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते जितके सांगितले जाते तितके नाही. फ्रिट्झ लँग, रॉबर्ट सिओडमाक, बिली वाइल्डर आणि एडगर उल्मर हे दिग्दर्शक जर्मन चित्रपटसृष्टीतून आले हे खरे आहे. नाझी सत्तेवर आल्यावर लँग, सिओडमाक आणि वाइल्डर यांना देश सोडावा लागला हेही खरे. परंतु प्रत्यक्ष दिवे कोणी लावले ते पाहावे. 'द माल्टीज फाल्कन'चे आर्थर एडिसन आणि 'डबल इन्डेम्निटी'चे जॉन साइट्झ हे दोघेही अमेरिकी, मूकपटांच्या काळापासून हॉलिवूडमध्ये मुरलेले. निकोलस मुसुराका इटलीत जन्मले, पण त्यांची घडण अमेरिकेतच झाली. रुडॉल्फ माटे किंवा फ्रान्झ प्लानर यांच्यासारखे युरोपात नाव कमावून आलेले छायालेखक होते, पण बहुसंख्य नव्हते. मुसुराकांनी १९४०मध्ये 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' चित्रित केला, ज्याला अनेक अभ्यासक पहिला न्वार म्हणतात, आणि १९४२मध्ये त्याच आरकेओ स्टुडिओत निर्माते वॅल ल्यूटन यांच्यासाठी 'कॅट पीपल' हा भयपट केला. त्या भयपटाचे दिग्दर्शक जॅक टूर्नर आणि मुसुराका हीच जोडी पुढे 'आउट ऑफ द पास्ट'साठी एकत्र आली. कमी पैशांत, जे दाखवायला परवडत नाही ते अंधारात सूचित करण्याची सवय त्यांना स्वस्त भयपटांनी लावली होती. माझ्या मते न्वारच्या प्रकाशाला जर्मनीइतकेच ऋण या भयपटांचे आणि बी-चित्रपटांच्या, म्हणजे मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायच्या स्वस्त चित्रपटांच्या, अंदाजपत्रकांचे आहे.

अंदाजपत्रकाचा मुद्दा गौण समजू नये. अमेरिका युद्धात उतरल्यावर सरकारच्या युद्ध उत्पादन मंडळाने एका चित्रपटाच्या सेटसाठी लागणाऱ्या नव्या सामग्रीवर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. लाकूड, खिळे, कापड सगळे जपून वापरायचे होते. जुने सेट पुन्हा वापरायचे आणि ते ओळखू येऊ नयेत तर त्यांचा थोडासाच भाग उजळायचा, हा व्यवहारी उपाय होता. 'डीटूर' (१९४५) हा उल्मर यांचा ६८ मिनिटांचा चित्रपट पीआरसी या अगदी गरीब कंपनीने काढला. त्यातली न्यूयॉर्कची रस्त्यावरची रात्र दाट धुक्यात बुडलेली आहे, कारण रस्ता बांधलेलाच नव्हता. पण नायकाच्या दैन्याला ते धुके इतके साजेसे ठरले की १९९२मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट झाला. चणचण प्रत्येकाला होती. तिला कथेच्या कामाला जुंपणे मात्र थोड्यांनाच जमले.

आता 'डबल इन्डेम्निटी'. एकच न्वार पाहायचा असेल तर मी हाच सुचवीन, आणि तो पाहताना अंधाऱ्या दृश्यांकडे कमी व उजेडातल्या दृश्यांकडे अधिक लक्ष द्यायला सांगेन. जेम्स केन यांच्या कथेवरून वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी पटकथा लिहिली. विमाविक्रेता वॉल्टर नेफ भर दुपारी एका प्रशस्त घरात शिरतो. बाहेर कॅलिफोर्नियाचे लख्ख ऊन आहे. आत ते ऊन खिडकीच्या पट्ट्यांतून तुकड्यातुकड्यांनी येते आणि हवेत धूळ तरंगताना दिसते. ही धूळ दिसावी म्हणून साइट्झ यांनी खोलीच्या हवेत ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण सोडले होते. इतका खटाटोप कशासाठी? ऊन आणि श्रीमंती असूनही घर शिळे वाटावे, यासाठी. बार्बरा स्टॅनविक यांनी रंगवलेली फिलिस जिना उतरून त्या खोलीत येण्याआधीच त्या हवेने सांगून टाकलेले असते की इथे बऱ्याच दिवसांत काही हललेले नाही. पट्ट्यांच्या सावल्या नेफच्या अंगावर पडतात त्या तुरुंगाच्या गजांसारख्या दिसतात, हे तर आता प्रत्येक विद्यार्थी सांगतो. त्या सावल्यांना खोलीत खरेखुरे कारण आहे, दुपार आहे म्हणून पट्ट्या ओढलेल्या आहेत, ही गोष्ट मात्र फार थोडे जण लक्षात घेतात. नंतर खुनाची आखणी करायला दोघे भेटतात ती किराणा बाजारात, डब्यांच्या उंच रांगांमध्ये, सपाट झगझगीत उजेडात. तिथे सावली औषधालाही नाही. खुनानंतर ते तिथेच पुन्हा भेटतात तेव्हा फिलिसने डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आहे एवढेच. छायालेखकाने अंधार केला नाही तरी डोळे लपवण्याचे काम झालेच.

त्याच चित्रपटात नेफच्या घराचा दरवाजा बाहेरच्या मार्गिकेत उघडतो. घरांचे दरवाजे तसे बाहेर उघडत नाहीत, पण विमा कंपनीचा तपासनीस कीज निरोप घेत असताना फिलिसला उघड्या दाराआड लपता यावे म्हणून वाइल्डर यांनी ते स्वीकारले. तिथे तीन माणसे एका चौकटीत आहेत, त्यांतल्या दोघांना एक गोष्ट माहीत आहे आणि तिसऱ्याला नाही. दार ही त्या माहितीची सीमारेषा आहे. दिव्याने जे करायचे ते इथे सुताराने केले. म्हणूनच मी म्हणतो की शैली म्हणजे सावल्यांची यादी नव्हे. कोणाला काय कळते याची आखणी हाती असलेल्या प्रत्येक साधनाने करणे, ही ती शैली आहे.

याच आखणीचा दुसरा भाग काळाचा आहे. 'डबल इन्डेम्निटी' सुरू होतो तेव्हा नेफ गोळी लागलेल्या अवस्थेत रात्री कार्यालयात येतो आणि ध्वनिमुद्रण यंत्रात आपला कबुलीजबाब देऊ लागतो. आपण खून केला, तो पैशासाठी आणि एका बाईसाठी केला, आणि दोन्ही मिळाले नाहीत, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. 'डी.ओ.ए.'मध्ये (१९५०) एक माणूस पोलिसांकडे स्वतःच्याच खुनाची फिर्याद घेऊन येतो. 'सनसेट बुलेव्हार्ड'चा निवेदक तर मेलेलाच आहे. शेवट आधी सांगण्यामागे मला एक फार व्यवहारी कारण दिसते. १९३४पासून हॉलिवूडच्या निर्मिती-संहितेची, म्हणजे पडद्यावर काय चालेल याच्या नियमावलीची, कडक अंमलबजावणी जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाकडे होती, आणि गुन्हा फळाला येता कामा नये हा तिचा नियम होता. केन यांची कथा १९३५मध्ये स्टुडिओंना हवी होती, पण ब्रीन यांच्या कार्यालयाच्या विरोधामुळे ती वर्षानुवर्षे पडून राहिली. गुन्हेगाराचे भले होणार नाही हे प्रेक्षकालाही पाठ झाले होते, त्यामुळे 'तो सुटेल का' या प्रश्नात दम उरला नव्हता. वाइल्डर यांच्यासारख्यांनी सक्तीचा शेवट पहिल्याच रिळात ठेवला आणि सेन्सॉरच्या नियमाचे नियतीत रूपांतर केले. एकदा शेवट ठाऊक झाला की प्रत्येक साधे दृश्यही जड होते. नेफ पायऱ्या चढतो तेव्हा तो कुठे चालला आहे हे त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असते. चित्रपटाला सात ऑस्कर नामांकने मिळाली, पुरस्कार एकही मिळाला नाही.

न्वार म्हणजे रात्र, ही समजूत 'आउट ऑफ द पास्ट' खोडून काढतो. त्याचा बराच भाग उघड्यावर, डोंगर, नदी आणि स्वच्छ आकाशाच्या सान्निध्यात घडतो. रॉबर्ट मिचम यांचा नायक ज्या स्त्रीला शोधत मेक्सिकोत येतो ती जेन ग्रीअर यांनी साकारलेली कॅथी पहिल्यांदा दिसते ती अकापुल्कोच्या कडक उन्हातून एका छायेतल्या उपाहारगृहात शिरताना. उन्हामुळे डोळे दिपलेले असतात आणि मग हळूहळू चेहरा स्पष्ट होतो. पुढे तीच स्त्री रात्रीच्या आणि शेकोटीच्या उजेडात जशी दिसते तशी तेव्हा दिसत नाही, आणि या सगळ्यात आपण तिला पाहतो ते नायकाच्या आठवणीतून. न्वारमधल्या घातकी स्त्रीविषयी बोलताना ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. युद्धकाळात कामावर गेलेल्या स्त्रियांबद्दल परतणाऱ्या पुरुषांना वाटलेली धास्ती या पात्रांत उतरली, हे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते आणि ते चुकीचे नाही. पण निवेदन करणारा पुरुष आपल्या नाशाचे कारण सांगतो आहे, आणि तिच्यावरचा प्रकाशही त्याच्याच सांगण्याप्रमाणे पडतो आहे, हे विसरले तर आपण त्याची साक्ष पुरावा म्हणून स्वीकारतो. चांगले न्वार चित्रपट तसे करू देत नाहीत. उजेडातला न्वार रंगातही घडला: 'लीव्ह हर टू हेवन' (१९४५) हा टेक्निकलरमध्ये आहे, त्याच्या छायाचित्रणासाठी लिऑन शॅमरॉय यांना ऑस्कर मिळाले, आणि त्यातला सर्वांत भयंकर प्रसंग तळ्याकाठी, स्वच्छ दिवसाउजेडी घडतो.

युद्धानंतर कॅमेरे रस्त्यावर आले. सैन्याच्या चित्रीकरणासाठी वापरलेली हलकी उपकरणे, माहितीपटांची सवय आणि इटलीहून आलेल्या नववास्तववादी चित्रपटांचा प्रभाव यांमुळे खऱ्या शहरात चित्रीकरण वाढले. ज्यूल्स डॅसिन यांचा 'द नेकेड सिटी' (१९४८) न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चित्रित झाला आणि विल्यम डॅनियल्स यांना त्यासाठी छायाचित्रणाचे ऑस्कर मिळाले. 'गन क्रेझी'मध्ये (१९५०) जोसेफ लुईस यांनी कॅमेरा गाडीच्या मागच्या आसनावर ठेवून बँकेचा दरोडा एकाच सलग शॉटमध्ये घेतला. कॅमेरा बँकेत जातच नाही, आपण बाहेर गाडीत दरोडेखोराच्या साथीदार नायिकेबरोबर वाट पाहत राहतो. न दाखवण्याचा निर्णय इथे अंधाराविना झालेला आहे. याच वर्षांत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडमध्ये चौकश्या सुरू होत्या. 'फोर्स ऑफ ईव्हिल'चे (१९४८) दिग्दर्शक अब्राहम पोलोन्स्की काळ्या यादीत गेले आणि डॅसिन यांना युरोपात काम शोधावे लागले. साक्ष, विश्वासघात आणि पाठीमागे लागलेला भूतकाळ हे विषय त्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात होते. १९५०च्या दशकात दूरचित्रवाणी, रंग आणि रुंद पडदा आला, स्टुडिओंची चित्रपटगृहांवरची मालकी १९४८च्या न्यायालयीन निर्णयाने मोडू लागली होती, आणि बी-चित्रपटांची बाजारपेठ संपली. ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ ईव्हिल'पाशी (१९५८) अभ्यासक सहसा या कालखंडाची रेघ ओढतात.

मुंबईशी याचा धागा आहे, आणि तो थेट आहे. बॉम्बे टॉकीजचे छायालेखक योसेफ विर्शिंग म्युनिकहून आलेले होते. महायुद्धात ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले होते. सुटकेनंतर त्यांनी चित्रित केलेल्या 'महल'मधल्या (१९४९) सावल्यांचे वळण म्हणूनच हॉलिवूडकडून उसने घेतलेले वाटत नाही. गुरुदत्त यांचा 'बाजी' (१९५१) आणि राज खोसला यांचा 'सी.आय.डी.' (१९५६) यांनी अमेरिकी न्वार डोळसपणे पाहिलेला आहे, आणि 'सी.आय.डी.'मधला व्ही. के. मूर्ती यांचा प्रकाश मला कोणत्याही आरकेओ चित्रपटाइतका मोलाचा वाटतो. फरक नायकात आहे: आपल्याकडे त्याच्यावरचा आळ शेवटी धुऊन निघतो, आणि न्वारचा नायक मात्र खरोखरच दोषी असतो किंवा दोषी असल्यासारखा वागलेला असतो. खोसला यांनी पुढे राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'वरून (१९६४) 'मेरा साया' (१९६६) केला. समोर उभी असलेली स्त्री नक्की कोण, या प्रश्नाभोवती फिरणारे ते मराठी कथानक 'सी.आय.डी.'च्या दिग्दर्शकाला आपलेसे वाटावे यात नवल नाही.

आता लघुपटाचा प्रश्न. पटकथेतल्या प्रत्येक दृश्यासमोर दोन गोष्टी लिहाव्यात: या क्षणी कोणाला काय माहीत आहे, आणि प्रेक्षकाला काय दिसता कामा नये. हे लिहिता आले नाही तर दिवे भाड्याने आणण्याची घाई करू नये. लिहिता आले तर एकाच दिव्याने सुरुवात करावी, तो कुठून येतो याचे दृश्यात कारण असावे, आणि दुसरा दिवा लावण्याआधी पहिल्याची जागा बदलून पाहावी. सध्या सहज मिळणारी एलईडी पॅनेल मोठ्या पृष्ठभागाची असल्याने त्यांची सावली मऊ पडते. पट्ट्यांची धारदार सावली हवी असेल तर लहान उगमाचा दिवा, म्हणजे फ्रेनेल किंवा अगदी उघडा बल्बसुद्धा, लांब ठेवावा आणि पट्ट्या भिंतीच्या जवळ आणाव्यात. पट्ट्या दिव्याजवळ नेल्या की सावली विरघळते.

नवख्यांना सर्वांत जास्त त्रास होतो तो पांढऱ्या भिंतींचा. आपल्या फ्लॅटमधल्या लहान खोल्यांत एका दिव्याचा प्रकाश समोरच्या भिंतीवरून आणि छतावरून परत येतो आणि तुम्ही न लावलेला फिल लाइट आपोआप तयार होतो. चौकटीबाहेरच्या भिंतींवर आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला काळे कापड टांगावे. कित्येकदा एवढ्याने दृश्य जागेवर येते. फोनवर चित्रीकरण करत असाल तर एक्स्पोजर (कॅमेरा किती प्रकाश आत घेतो ते प्रमाण) लॉक करावे, नाहीतर अंधार दिसताच फोन तो उजळायला धावतो. चांगल्या कॅमेऱ्यातही सावलीत थोडा तपशील राहील इतके एक्स्पोजर द्यावे आणि काळोख नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे संगणकावर चित्राच्या छटा ठरवताना, गडद करावा, कारण कमी एक्स्पोजरमधला अंधार दाणेदार आणि मळकट होतो. कृष्णधवलमध्ये रंगांचा फरक नाहीसा होतो, हेही विसरू नये: लाल साडी आणि हिरवी भिंत डोळ्यांना कितीही वेगळ्या दिसल्या तरी पडद्यावर दोन्ही एकाच राखाडी छटेत मिसळून जाऊ शकतात. म्हणून वेशभूषा, भिंत आणि कलाकाराचा चेहरा एकत्र ठेवून त्याच दिव्याखाली चाचणी चित्रण करावे, आणि नायिका भिंतीत हरवून जायला हवी की भिंतीतून उठून दिसायला हवी, हे ठरवूनच कपडे निवडावेत.